चांगुणामावशीच्या नावावरचा नमुना

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. माझं सगळं आपल्याला माहीत आहे असं त्याला वाटतं, आणि मीही त्याला तसं वाटू दिलंय. सकाळी चहाच्या आधी मी एक गोळी घेते — ती कशाची, कधीपासून, हे त्याला पाठ आहे. ती मला कुणामुळे मिळाली, हे मात्र त्याला ठाऊक नाही. आईला नाही, बहिणीला नाही. ज्या डॉक्टर मॅडमना सांगायलाच हवं होतं, त्यांनाही नाही. आज तुम्हाला सांगायला बसलेय. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल कदाचित.

सुरुवात कुठून करू? माझ्यापासून केली तर मी लगेच स्वतःची वकिली करायला लागेन, मला माझा स्वभाव चांगला माहीत आहे. त्यापेक्षा तिच्यापासून करते.

चांगुणामावशी. खाडीकाठच्या एका कोळीवाड्यात राहायची — गावाचं नाव मुद्दाम घेत नाही — आणि पनवेलच्या मासळीबाजारात बसायची. ठेंगणी, दंड भरलेले, कमरेला घट्ट नेसलेलं लुगडं, आणि आवाज असा की बाजाराच्या या टोकाची बाई त्या टोकाशी भांडत असली तरी मावशीचं बोलणं मध्ये स्पष्ट ऐकू यावं. तिची एक गोष्ट साऱ्या बाजारात प्रसिद्ध होती. ती खोटं बोलत नसे. मासळी विकणारी बाई, आणि खोटं बोलत नाही! गिऱ्हाईकानं पापलेट उचललं की स्वतःच सांगायची, "ते नको नेऊ, ते कालचं हाय. त्या बाजूचं घे." शेजारच्या बायका कपाळाला हात लावायच्या. पण गिऱ्हाईक तिच्याकडेच यायचं. वहिनी, काकू, वकिलांच्या घरची मंडळी, नव्या सोसायट्यांमधून गाडी घेऊन येणारे लोक, सगळे. चांगुणा ताजं म्हणाली म्हणजे ताजं, एवढी त्या शब्दाला किंमत होती. तिच्याजवळ दुसरं काही फारसं नव्हतं. नवरा गेलेला, मूल नाही, भावाच्या घराला लागून एक खोली. शब्द तेवढा होता.

आणि मी? नव्या पनवेलची, बी.एस्सी. झालेली, चोवीस वर्षांची, जरा शिष्ट. विमानतळ येणार, येणार म्हणून जमिनींच्या गप्पा चालायच्या ते दिवस. मला एका संशोधन प्रकल्पात नोकरी लागली होती. खाडीकाठच्या माणसांच्या जेवणात खारवलेली, सुकी मासळी भरपूर असते; त्यातून मीठ पोटात किती जातं, आणि त्याचा रक्तदाबाशी आणि मूत्रपिंडांशी काय संबंध, असा अभ्यास होता. पनवेलमध्ये भाड्याच्या दोन खोल्यांत ऑफिस. आम्ही चार मुली गावोगाव फिरायचो — रक्तदाब मोजायचा, प्रश्नावली भरायची, आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे चोवीस तासांची लघवी गोळा करून आणायची.

हसलात ना? मीही हसले होते. पण प्रकल्प चालवणाऱ्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच दिवशी समजावलं, तेव्हा हसू थांबलं. माणूस किती मीठ खातो हे त्याला विचारून कळत नाही. कुणी कमी सांगतं, कुणाला खरंच माहीत नसतं. शरीर मात्र हिशोब चुकवत नाही, खाल्लेलं बहुतेक मीठ ते दिवसभरात लघवीवाटे बाहेर टाकतं. म्हणून सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, आणि तिथून पुढची प्रत्येक वेळची, दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिलीसकट, एका पांढऱ्या कॅनमध्ये जमवायची. एक वेळची जरी राहिली तरी सगळं फुकट. मला आजही याचं नवल वाटतं. पेपरात चार ओळींची बातमी येते — नव्या संशोधनात असं आढळलं — आणि त्या चार ओळींच्या मागे कुणीतरी बाई दिवसभर कॅन सांभाळत बसलेली असते. तिचं नाव कुठं छापून येत नाही.

मॅडमबद्दलही सांगायला हवं. मुंबईहून यायच्या, एसटीनं, साध्या कॉटनच्या साडीत. कुठल्याही गावात गेल्या की आधी विचारायच्या, "जेवलात का?" आणि मग उत्तर खरंच ऐकायच्या. नोंदवहीत खाडाखोड चालणार नाही, पांढरी शाई चालणार नाही, चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, खाली सही करायची, कारण लिहायचं. त्या म्हणायच्या की चुकलेलं वाचता आलं पाहिजे. आमच्यातल्या एका मुलीच्या हातून सुरुवातीलाच एक कॅन पायऱ्यांवर पडून फुटला. ती रडत ऑफिसात आली. मॅडमनी तिला चहा पाजला, आणि वहीत स्वतःच्या हातानं लिहिलं — सांडला. बस्स, एवढंच. हे मी पाहिलं होतं. हे लक्षात ठेवा, कारण नंतर तुम्हाला वाटेल की मला नोकरीची भीती होती. मला कसलीही भीती नव्हती.

आता तो शुक्रवार. बहुतेक बाया घरी असतील त्या दिवशी कॅन ठेवून घ्यायच्या. शनिवारी वार पाळणारं गिऱ्हाईक फिरकत नाही, बाजार थंड असतो, तेव्हा त्यांना सोपं जायचं. मी चांगुणामावशीलाही तेच सुचवलं. ती म्हणाली, "रोजचा दिस कसा आसतो ते बगायचाय ना तुमाला? मग धंद्याच्या दिवशीच घेते. घरी बसून मी काय वेगली बाय होते." माझ्यापेक्षा तिला संशोधन जास्त कळलं होतं.

आणि तिनं ते केलं कसं, ऐका. बाजारातल्या बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. का, ते तुम्हाला कुठल्याही बाजारातलं बायकांचं स्वच्छतागृह बघितलंत की कळेल. मावशी त्या दिवशी नेहमीसारखीच वागली, पण जेव्हा जावं लागलं तेव्हा कापडी पिशवीत कॅन घालून एसटी स्टँडपर्यंत चालत गेली. सकाळी भवानीच्या, म्हणजे पहिल्या विक्रीच्या आधी ती मासळीच्या पाटीला हात जोडायची. आता त्याच पाटीशेजारी हे असलं काही ठेवायचं म्हणजे तिला किती जड गेलं असेल. ती आधी देवीची माफी मागून आली होती, हे तिनंच मला नंतर सांगितलं. एका गिऱ्हाईकानं पिशवीत काय आहे म्हणून विचारलं. खोटं तर बोलायचं नाही! "मिठाचं औशद शोधतात ना, त्याचं सामान हाय," म्हणाली. रात्री भावाच्या घरी साखरपुडा होता. तिथंही कॅन बरोबर. सगळ्या बायका टिंगल करत होत्या, आणि ती म्हणे त्यांना बजावत होती की हसा, पण उद्या तुमचा नंबर लागणार हाय.

मी हे ऐकून भारावले, असं मी तेव्हा ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. भारावले होतेही. ते खोटं नव्हतं. पण —

पण मला किळस येत होती. हेच ते, ज्याच्याभोवती मी इतका वेळ फिरतेय. आमच्या घरात मासे शिजत नाहीत. कोळीवाड्यात पाय ठेवला की मी नकळत श्वास रोखायची, आणि वर तोंडभर हसायची. ती बाई जे दिवसभर हातात वागवत होती, ते मला बोटांच्या टोकानंही धरवत नव्हतं. शनिवारी सकाळी मी कॅन न्यायला गेले. तिनं तो पुसून, वर फडकं बांधून, दारातच ठेवला होता. माझ्या हातात देताना म्हणाली, "झाकन जरा ढिलं लागतंय गो. माझी बोटं मासळीच्या बर्फानं आखडलेली हायेत, नीट बसलं नाय. तू आवल आनि बग." नियमही तोच होता — झाकण आवळायचं, वर चिकटपट्टी गुंडाळायची, मगच उचलायचं. मी मान डोलावली. आणि झाकणाला हात लावला नाही. फडक्याची गाठ दोन बोटांत धरून कॅन उचलला आणि मिनीडोअर रिक्षात, इतर प्रवाशांमध्ये, पायाशी ठेवला. तोही पायापासून जरा लांब.

पनवेलच्या अलीकडे गतिरोधकावर गाडी आदळली आणि कॅन कलंडला. झाकण निघालं. सगळं गाडीच्या तळाशी, लोकांच्या चपलांखालून वाहत गेलं. समोरच्या आजोबांनी पाय वर घेतले आणि विचारलं, काय सांडलं? मी म्हणाले, फिनेल. माझं पहिलं खोटं. पुढच्या थांब्यावर उतरले, उरलंसुरलं गटारात ओतलं, आणि रिकामा कॅन घेऊन रस्त्याकडेला उभी राहिले.

तिथं उभी असताना मला दोन वाटा स्वच्छ दिसत होत्या. ऑफिसात जाऊन 'सांडला' म्हणायचं — मॅडमनी चहा दिला असता. किंवा परत गावात जाऊन मावशीला म्हणायचं, माझ्या हातून सांडला, पुन्हा घ्याल का? तिनं दोन शिव्या दिल्या असत्या आणि पुन्हा घेतला असता. मग मी का नाही गेले? कारण कुणीतरी विचारलं असतं, झाकण आवळलं नव्हतंस का. आणि का नव्हतं, ते मला सांगावं लागलं असतं. चार मुलींत माझीच वही एकही रेघ नसलेली होती, मॅडम ती नव्या मुलींना दाखवायच्या. त्या वहीवर ओरखडा नको होता मला. एवढंच. याहून मोठं कारण शोधायचा मी खूप वर्षं प्रयत्न केला, पण सापडलं नाही.

मी घरी गेले. कॅन गरम पाण्यानं तीनदा धुतला. रविवारी सकाळपासून सोमवारी सकाळपर्यंत तो मी स्वतः भरला. आणि काय सांगू — अगदी नियमाप्रमाणे! पहिली सोडून, नंतरची प्रत्येक. न्हाणीघराच्या कोपऱ्यात बादलीमागे लपवून. आईला कळू नये म्हणून दिवसभर घराबाहेर पडले नाही. तिच्या नावाच्या लेबलवर तारीख बदलली. चिकटपट्टीही गुंडाळली, दोन वेढे. सोमवारी ऑफिसात नमुने उतरवून घेणाऱ्या नसीमानं कॅन बघितला आणि म्हणाली, "माशाल्ला, ही बाजारवाली असून किती नीट ठेवलंय बघ. बाकीच्यांना दाखवायला पाहिजे." मी म्हणाले, हो ना.

काही आठवड्यांनी मुंबईहून रिपोर्ट आले. चांगुणामावशीच्या लघवीत प्रथिनं होती. असायला नकोत इतकी. मूत्रपिंडाची गाळणी गळत असल्याची ती खूण असते.

मॅडमनी कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "रेवती, आपल्या मावशींचं बघ." मी बघितलं. त्या आकड्याखाली कुणाचं नाव असायला हवं होतं, हे त्या खोलीत मला एकटीला कळत होतं. मी खुर्ची ओढून बसले. मॅडमना वाटलं, मला मावशीचं वाईट वाटतंय. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

दुसऱ्याच आठवड्यात मी ठाण्याला जाऊन आले, जिथं मला कुणी ओळखत नाही. पुन्हा तपासण्या, पुन्हा तेच. तिथले डॉक्टर म्हणाले, फार लवकर सापडलंय, नशीबवान आहात. तुमच्या वयात हे कुणी तपासत नाही, तुम्ही कशी काय तपासून घेतलीत? मी म्हणाले, सहज. तेव्हापासून गोळी चालू आहे, मीठ कमी आहे, आणि मी ठणठणीत आहे. दोन मुलं झाली. मला हे विज्ञान देवासारखं वाटतं ते उगीच नाही — एका साध्या तपासणीनं, एका थेंबातल्या एवढ्याशा गोष्टीवरून, माझं पुढचं आयुष्य वाचवलं. फक्त ते तिच्या नावावर वाचलं.

आणि तिच्या वाट्याला काय आलं? तिला ऑफिसात बोलावलं. मॅडम फार जपून बोलल्या — एकदाच आढळलंय, एवढ्यावरून मी आजार म्हणणार नाही, पुन्हा तपासू, तोवर खारं कमी करा. सोप्या भाषेत समजावून सांगायचं काम माझं. मी समजावलं. गाळणी म्हणजे काय, गळती म्हणजे काय. माझा आजार मी तिला तिचा म्हणून, पाटीवर चित्र काढून, नीट शिकवला. ती शेवटी एवढंच म्हणाली, "मरायची भीती नाय गो. आंथरुनाला खिलून ऱ्हायले तर मना कोन करंल?"

सुकट, खारा बांगडा तिनं त्या दिवसापासून सोडला. कमी नाही केला — सोडला. एकवीरेला नवस बोलली. पुढचे काही महिने ती बाई आपण हळूहळू मरतोय असं समजून पहाटे उठत होती, बर्फ फोडत होती, मासळी विकत होती. मला हे माहीत होतं आणि मी दर आठवड्याला तिचा रक्तदाब घ्यायला जात होते. मला बघून ती चहा टाकायची.

दुसरा कॅन मीच आणला. या वेळी झाकण आवळलं, पट्टी गुंडाळली, कॅन मांडीवर घेऊन बसले. रिपोर्ट स्वच्छ आला. मला वाटलं, सुटले. मावशी सुटली, मी सुटले.

पण मॅडम सुटू देणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघत राहिल्या. क्रिएटिनिन नावाचा एक पदार्थ असतो. स्नायूंमधून तयार होतो, आणि एका माणसाच्या अंगातून रोज साधारण सारखाच बाहेर पडतो. दणकट माणसाचा जास्त, किडकिडीत माणसाचा कमी. कॅन पूर्ण भरलाय की नाही, हे त्यावरूनच ताडतात. पहिल्या कॅनमध्ये तो फारच कमी होता, दुसऱ्यात भरपूर. मी किडकिडीत होते, हो. मावशीचे दंड मी तुम्हाला सांगितलेच आहेत. कागदावरच्या दोन आकड्यांतून त्या बाईनं जवळजवळ मला पकडलं होतं, आणि खरं सांगते, त्या क्षणीही भीतीच्या आत कुठेतरी मला त्यांचं कौतुकच वाटलं.

त्यांनी मान वर केली आणि सरळ विचारलं. "हे दोन कॅन एका बाईचे वाटत नाहीत गं. लेबलची अदलाबदल झाली असेल का? की पहिल्या वेळी त्यांच्याकडून सगळं गोळा झालं नाही?"

दार उघडं होतं. त्यांनीच उघडून धरलं होतं. आणि मी म्हणाले, "बाजारात होत्या ना मॅडम. राहिलं असेल त्यांच्याकडून."

मॅडमनी एक आडवी रेघ मारली. सही केली. कारण लिहिलं — नमुना अपूर्ण. प्रथिनांचं म्हणाल तर, तापानं किंवा अति कष्टानंही कधी कधी तेवढ्यापुरती दिसतात, असं त्या म्हणाल्या, आणि पुढे गेल्या. शंका आली की ते माप बाजूला ठेवायचं, आपल्याला हवं तसं वापरायचं नाही — त्यांचा नियम त्यांनी पाळला. साऱ्या खाडीकाठात ज्या बाईनं तो दिवस सगळ्यात इमानानं सांभाळला, तिच्या नावासमोर 'अपूर्ण' लागलं.

इथं थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. कागदावरचंच खोटं ते, कुणाला कळणार होतं? पण अभ्यास संपला तेव्हा मॅडमनी एक सुंदर गोष्ट केली. परिषदेत सांगण्याआधी त्या गावात आल्या. ज्यांनी दिलं, त्यांना पहिल्यांदा कळलं पाहिजे, म्हणाल्या. समाजमंदिरात सतरंज्या टाकल्या, चहा-बिस्किटं झाली, आणि प्रत्येकाच्या हातात त्याच्या स्वतःच्या मापांचा कागद दिला. चांगुणामावशीला वाचता येत नव्हतं. भावाच्या सुनेनं तिला मोठ्यानं वाचून दाखवला. पहिला नमुना — अपूर्ण.

ती उठून उभी राहिली. "मॅडम, यो येक चुकलाय. मी येक थेंबपन सोडला नाय."

मॅडम हसून म्हणाल्या, अहो, चालायचंच, कितीतरी जणींचं होतं, त्यात काही वाईट नाही. बायकाही हसायला लागल्या. कुणीतरी मागून म्हणालं, साखरपुड्यात इसरली आसंल गो! मावशी हसली नाही. तिनं सगळीकडे बघितलं, मी भिंतीपाशी रजिस्टर घेऊन बसले होते तिथं तिची नजर थांबली. तिचा चेहरा उजळला. आता काळजी नाही, आपली साक्षीदार आहे, असा. "हिला इचारा," ती म्हणाली. "हिच्या हातात दिलाय मी. सांग गो बाय, किती भरलेला तो?"

सगळं समाजमंदिर माझ्याकडे वळलं. मॅडमसुद्धा.

मी काय म्हणाले ते मी आजवर एकदाही मोठ्यानं उच्चारलेलं नाही. मी म्हणाले, "मावशी, असू दे ना. राहून जातं कधी कधी. वय होतं माणसाचं."

वय! ते मी का जोडलं? कुणी मागितलंही नव्हतं. बावन्न-त्रेपन्नची होती ती.

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही ओरडेल, बाजारात ओरडते तशी. मी मनात तयारीसुद्धा केली. पण तिच्या चेहऱ्यावर राग आलाच नाही. आधी गोंधळ आला, मग ती काहीतरी आठवायचा प्रयत्न करायला लागली, तिथं उभ्या उभ्या, सगळ्यांसमोर. एसटी स्टँड, साखरपुडा, एकेक फेरी. आणि मग खाली बसत म्हणाली, "आसंल मग. ही शिकलेली पोरगी, ही खोटं कशाला बोलंल? माझाच राहिला आसंल."

मी मान खाली घालून हजेरीच्या सह्या तपासत राहिले.

त्यानंतर काही वर्षांनी मी दुसऱ्या एका संशोधन प्रकल्पात होते, हाताखाली माणसं, टेबलावर नावाची पाटी. नव्या मुलींना शिकवताना मी चांगुणामावशीची गोष्ट सांगायची — धंद्याच्या दिवशी, बाजारात, कॅन घेऊन बसलेली बाई. मुलींचे डोळे भरून यायचे. शनिवारची गोष्ट मी कधी सांगितली नाही.

नवा अभ्यास त्याच खाडीकाठी होता, पुन्हा चोवीस तासांच्या नमुन्यांचा. पहिलं नाव मी तिचंच काढलं, आणि मुलींना न पाठवता स्वतः बाजारात गेले. ती तिथंच होती, त्याच जागी. मला ओळखलं, जागा पुसून दिली, मुलाबाळांचं विचारलं. एका गिऱ्हाईकाला पाटीतली मासळी दाखवताना "आजचीच हाय" म्हणाली, मग थांबली, आणि शेजारणीला विचारलं, "आजचीच ना गो?" शेजारणीनं हो म्हटलं. मग तिनं ती दिली.

मी फॉर्म काढला. कशासाठी आलेय ते सांगितलं. ती ओशाळली.

"नको गो," ती म्हणाली. "तुमचं काम मोठं हाय. माझ्यापासून चुकतं. मागच्या खेपेलापन तुमचा कॅन मी आर्धाच दिलेला, तुला ठाव हाय ना. दुसरी कोन तरी भरवशाची बग."

बाजारात गर्दी नव्हती. मी होते, ती होती, शेजारीण पाठमोरी सुरीला धार लावत होती. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

फॉर्मवर मी 'सहभागास नकार' या चौकोनात खूण केली. खाली कारणाचा रकाना होता. तो रिकामा ठेवलेला चालत नाही. मी तिच्यासमोर बसून, नीट अक्षरात लिहिलं — विसरतात. आणि खाली माझी सही केली.